तोरणमाळची खोली मोबाइलवर कशी येते

पुण्यातल्या एका कुटुंबानं ठरवलं, यंदा नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार बघायचा. जाता-येता तापीकाठच्या प्रकाशा गावी दर्शन, एक रात्र सातपुड्यातलं थंड हवेचं तोरणमाळ, परतीच्या वाटेवर जळगावात भरीत आणि कळण्याची भाकरी, मग अजिंठा. बेत झकास आहे. पण तो मोबाइलवर मांडायला बसलं की एकेक अडचण पुढे येते. यात्रा नेमकी कधी? तोरणमाळला खोली मिळेल का, आणि मिळाली तर आपण पोचेपर्यंत ती आपलीच राहील का? शहाद्याहून वर न्यायला गाडी कोण देईल? ज्या दिवशी अजिंठ्याला पोचू, त्या दिवशी लेणी उघडी असतील ना?

यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर खान्देशात कुणाला ना कुणाला पक्कं ठाऊक असतं. शहाद्याच्या जीपवाल्याला घाटाची हालहवाल माहीत असते, देवस्थानाच्या पुजाऱ्याला यात्रेची तारीख, लॉजच्या मालकाला आपल्या डायरीतल्या रिकाम्या खोल्या. ते उत्तर त्या माणसाच्या डोक्यातून निघून पुण्यातल्या मोबाइलवर वेळेत आणि भरवशानं पोचवणं, याला पर्यटनाची डिजिटल सेवा म्हणायचं. सर्व्हर, कोड, नकाशे ही सगळी जुळवाजुळव त्या एका कामासाठी असते.

आपल्याकडे मात्र ‘डिजिटल’ म्हटलं की पहिली मागणी येते ती अ‍ॅपची. जिल्ह्याचं अ‍ॅप, तालुक्याचं अ‍ॅप, देवस्थानाचं अ‍ॅप. माझं मत याच्या उलट आहे. वर्षातून एकदा दोन दिवसांसाठी येणारा माणूस नंदुरबारसाठी वेगळं अ‍ॅप उतरवून घेत नाही. तो गुगल नकाशात नाव टाकतो, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला तरी विचारतो, नाहीतर थेट फोन लावतो. अ‍ॅप एकदा केलं की संपत नाही. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की त्यात दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि ठेकेदाराचा करार उद्घाटनानंतर काही महिन्यांत संपलेला असतो. साधं, हलकं, मोबाइलवर झटकन उघडणारं संकेतस्थळ, नकाशावर अचूक नोंदी आणि उचलला जाणारा फोन नंबर या तीन गोष्टींवर खान्देशातलं बरंचसं काम भागतं. खरी मेहनत त्यामागच्या माहितीत आहे.

एक उनपदेव की दोन?

माहिती म्हणजे फोटो आणि दोन परिच्छेद वर्णन नव्हे. संगणकाच्या दृष्टीनं प्रत्येक ठिकाण ही एक नोंद असते आणि त्या नोंदीत ठरलेले रकाने असतात. उनपदेवचंच बघू. गरम पाण्याच्या झऱ्यासाठी प्रसिद्ध असलेलं उनपदेव जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात, अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. याच नावाचं गरम पाण्याचं ठिकाण नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातही आहे. कुणी नुसतं ‘उनपदेव’ टाकलं आणि नकाशानं भलतीकडे नेलं, तर अख्खा दिवस प्रवासात जातो आणि लहान मुलं बरोबर असली तर सहलीचा विचका होतो.

म्हणून नोंदीचा पहिला रकाना नावाचा नसतो, क्रमांकाचा असतो. चोपड्याच्या उनपदेवला एक क्रमांक, शहाद्याच्या उनपदेवला दुसरा. नावं सारखी असली तरी क्रमांक कधीच सारखे होत नाहीत. दुसरा रकाना अक्षांश-रेखांशाचा. इथं एक बारीक गोष्ट आहे: खूण झऱ्यावर टाकायची की गाडी जिथं थांबते तिथं? दोन्हीकडे टाकायची, वेगवेगळ्या रकान्यांत. डोंगरातल्या ठिकाणी फक्त देवळावर खूण टाकली, तर नकाशा कधी कधी डोंगराच्या पलीकडचा रस्ता जवळचा समजतो आणि गाडी अशा ठिकाणी नेऊन सोडतो जिथून देऊळ दिसतं, पण जायला वाट नसते.

तिसरा रकाना लोक जी जी नावं वापरतात त्यांचा. मुक्ताईनगरला जुनी माणसं आजही एदलाबाद म्हणतात. शोधणाऱ्यानं कोणतंही नाव टाकलं तरी एकच नोंद निघायला हवी. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचं नाव रोमन लिपीत अर्धवट टाकलं की बिहारची राजधानी समोर येते. मोबाइलवर मराठी नावं रोमन लिपीत लिहिणारे कमी नाहीत, तेव्हा तीही रूपं नोंदीत हवीत.

मग येतात वेळा, सुट्टी, तिकीट, स्वच्छतागृह आहे का, चारचाकी कुठपर्यंत जाते, किती पायऱ्या चढाव्या लागतात, पावसाळ्यात वाट बंद असते का. आजीला घेऊन निघालेल्या माणसाला देवळाच्या स्थापत्यशैलीपेक्षा पायऱ्यांची संख्या आधी कळायला हवी असते, आणि नेमका हा रकाना बहुतेक माहितीपत्रकांत सापडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना शेवटचा: ही माहिती कुणी तपासली आणि कधी. पर्यटनाची माहिती रावेर-यावलच्या केळीसारखी नाशवंत असते. घाटाचा रस्ता गेल्या आठवड्यात सुरू होता, याला आज काहीच किंमत नाही. ‘सकाळी साडेआठला तपासलं, रस्ता सुरू’ या चार-पाच शब्दांना आहे. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीची पातळी वाढते. अशा दिवशी नदीकाठच्या घाटावर जाऊ नका, हे प्रवाशाला निघायच्या आधी कळायला हवं. त्यासाठी मोठं तंत्रज्ञान लागत नाही. गावातला एक जबाबदार माणूस, त्याला दिलेला एक साधा फॉर्म आणि दिवसातून एकदा दाबायचं एक बटण पुरतं.

जिल्ह्याच्या सीमेचाही एक घोळ आहे. पितळखोऱ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात मोडतात, पण चाळीसगावला उतरून पाटणादेवी आणि पितळखोरे एकत्र पाहणारे कितीतरी आहेत. अजिंठाही जळगाव जिल्ह्यात नाही, पण रेल्वेनं येणारा पर्यटक जळगावला उतरतो आणि साधारण ६० किलोमीटर गाडीनं जातो. जिल्हानिहाय संकेतस्थळ केलं की जळगावच्या पानावर अजिंठा येत नाही आणि नंदुरबारच्या पानावर धुळ्याचा लळिंग किल्ला येत नाही. प्रवाशाला सीमा दिसत नाही, त्याला अंतर दिसतं. म्हणून नोंदी एकाच साठ्यात ठेवायच्या आणि ‘मी आहे तिथून तासाभराच्या अंतरावर काय आहे’ असा शोध घेता यायला हवा.

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाडी ठेवून पुढे बसनं जावं लागतं. रविवारी रात्री जळगावात मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला खोली देतानाच सोमवारची सुट्टी सांगणारी प्रणाली, हीच खरी हुशार प्रणाली. ती करायला कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज नाही. खोलीची तारीख आणि लेण्यांच्या सुट्टीचा वार ताडून बघणारी एक ओळ कोडमध्ये लिहिली की झालं.

तिथीचं गणित

खान्देशातल्या यात्रा तारखेवर चालत नाहीत, तिथीवर चालतात. बाहेरून तयार होऊन येणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कळत नाही. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीची, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेची. २०२३ मध्ये ती २६ डिसेंबरला आली, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला आणि २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. नाताळच्या सुट्टीत यात्रा असते असं २०२३ च्या अनुभवावरून कुणी लिहून ठेवलं असेल, तर दोन वर्षांनी ते वाचून येणारा माणूस दत्तजयंती होऊन तीन आठवडे उलटल्यावर पोचेल. अस्तंब्याची यात्रा धनत्रयोदशीच्या सुमारास, कानबाईचा उत्सव नागपंचमीनंतरच्या रविवारी, तोरणमाळची गोरक्षनाथाची यात्रा महाशिवरात्रीला, काठी गावची राजवाडी होळी फाल्गुनात. यातल्या प्रत्येकाचा नियम वेगळा. कानबाईच्या नियमात तर तिथी आणि वार दोन्ही एकत्र आलेत.

डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदींच्या साठ्यात, म्हणून दोन गोष्टी ठेवाव्या लागतात: नियम आणि दरवर्षीची तारीख. नियम एकदाच लिहायचा. तारीख दरवर्षी पंचांग बघून भरायची, देवस्थानाकडून खातरजमा करून घ्यायची आणि मगच ती लोकांना दाखवायची. तोवर ‘तारीख पक्की व्हायची आहे’ असं स्पष्ट दिसू द्यायचं. अधिक महिना आला की पुढचे सण पुढे सरकतात, पौर्णिमा कधी दोन दिवसांत विभागलेली असते. म्हणून संगणकानं काढलेल्या तारखेवर माणसाची सही हवी. मुख्य दिवस आणि बाजाराचा एकूण काळ हेही वेगळे रकाने. दत्तदर्शनाला येणारा मुख्य दिवस शोधतो, घोडे बघायला येणाऱ्याला पुढचे दिवसही चालतात आणि तेव्हा गर्दी थोडी विरळ असते.

हे काम एकदा नीट झालं की त्याचे फायदे पसरत जातात. तीच तारखांची यादी लॉजवाल्याला जास्तीची माणसं कधी लावायची ते सांगते, एसटी आगाराला जादा गाड्यांचा अंदाज देते आणि आरोग्य विभागाला पथक कधी ठेवायचं ते कळवते.

‘बुक करा’ दाबल्यावर

आता खोलीकडे येऊ. समजा तोरणमाळला सहा खोल्यांची एक निवासव्यवस्था आहे. मालकाकडे एक डायरी, एक साधा अँड्रॉइड फोन. पुण्यातल्या ताईंनी संकेतस्थळावर खोली बघितली, बटण दाबलं. त्या क्षणापासून पुढच्या काही मिनिटांत काय होतं ते सावकाश बघण्यासारखं आहे, कारण सगळे घोटाळे तिथंच होतात.

पहिली पायरी, प्रणाली खोली विकत नाही, राखून ठेवते. साधारण दहा मिनिटांसाठी. कारण त्याच मिनिटाला नाशिकच्या कुणीतरी तीच शेवटची खोली उघडलेली असू शकते. दोघांनाही ‘शिल्लक आहे’ दिसलं आणि दोघांनीही पैसे भरले, तर रात्री नऊ वाजता थंडीत, मुलाबाळांसह एक कुटुंब दारात उभं राहणार. म्हणून डेटाबेस त्या खोलीच्या नोंदीवर कुलूप घालतो. ज्याची मागणी निमिष आधी आली त्याच्या नावावर खोली राखली जाते. दुसऱ्याला लगेच ‘सध्या शिल्लक नाही’ असं दिसतं. दहा मिनिटांत पैसे आले नाहीत तर कुलूप आपोआप निघतं.

दुसरी पायरी पैशांची. ताई यूपीआयनं पैसे भरतात. त्यांच्या फोनवर बँकेचा ‘पैसे गेले’ असा संदेश येतो, पण तोरणमाळच्या खोलीसाठी तो संदेश कामाचा नाही. पैशांची देवाणघेवाण करणारी कंपनी, जिला पेमेंट गेटवे म्हणतात, ती आपल्या सर्व्हरला वेगळा निरोप पाठवते: अमुक क्रमांकाच्या मागणीचे पैसे मिळाले. हा निरोप वाटेत अडकू शकतो. मग ताईंच्या खात्यातून पैसे गेलेले, संकेतस्थळ म्हणतं ‘व्यवहार अपूर्ण’, आणि त्या घाबरून पुन्हा बटण दाबतात. चांगल्या प्रणालीत यासाठी दोन सोयी असतात. एक, प्रत्येक मागणीला सुरुवातीलाच एक क्रमांक दिलेला असतो, त्यामुळे त्याच क्रमांकाचे पैसे दुसऱ्यांदा घेतलेच जात नाहीत. दोन, निरोप आला नाही तर आपला सर्व्हर गप्प बसत नाही; दर काही मिनिटांनी गेटवेला स्वतःहून विचारतो, ‘याचं काय झालं?’ सेवा बनवून घेणाऱ्यानं ठेकेदाराला हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. उत्तर देताना तो अडखळला तर काम अजून कच्चं आहे.

पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार यूपीआय व्यवहारात ते ५ दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हा नियम संकेतस्थळावर मराठीत लिहून ठेवला तर निम्मे घाबरलेले फोन येणार नाहीत.

तिसरी पायरी मालकाला कळवण्याची. आणि इथं तोरणमाळचा डोंगर आडवा येतो. मालकाच्या फोनला रेंज असेलच असं नाही. दुपारी शहाद्याहून पाहुणे थेट वर आले, मालकानं त्यांना खोली दिली, डायरीत लिहिली. संगणकाला पत्ताच नाही. संध्याकाळी तीच खोली पुण्याला विकली गेली. यावर मोठ्या हॉटेलांकडे उपाय आहे. सगळ्या बुकिंग साइटवरचा खोल्यांचा आकडा एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर ते वापरतात, त्याला चॅनेल मॅनेजर म्हणतात. पण तेही नेटवर्कवरच चालतं. सहा खोल्यांच्या जागेसाठी मला यापेक्षा साधा उपाय जास्त पटतो: वाटा पाडायचा. सहापैकी दोन खोल्या फक्त ऑनलाइन, चार फक्त डायरीच्या. ऑनलाइनच्या दोन खोल्या दारात आलेल्याला द्यायच्याच नाहीत, निदान दुपारी ठरलेल्या वेळेपर्यंत तरी नाही. त्या वेळेनंतर त्या दिवसाचं ऑनलाइन बुकिंग बंद होतं आणि उरलेली खोली डायरीकडे जाते. यात थोडं नुकसान होईल, एखाद्या रात्री खोली रिकामी राहील. पण रात्री दारातून परत गेलेलं एक कुटुंब जो शेरा लिहून जातं, तो रिकाम्या खोलीपेक्षा महागात पडतो.

निरोपही एका वाटेनं पाठवून चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपला इंटरनेट लागतं, एसएमएस जरा अशक्त रेंजमध्येही पोचतो, आणि दोन्ही उघडले गेले नाहीत तर ठरलेल्या वेळी आपोआप फोन जाऊन रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो: ‘उद्या दोन खोल्या, चार माणसं, जेवण शाकाहारी.’ मालकानं १ दाबलं की पक्कं.

कमिशन आणि क्यूआर

मोठ्या बुकिंग साइट लॉजवाल्याकडून कमिशन घेतात, साधारणपणे १५ ते २५ टक्के. १,५०० रुपयांच्या खोलीवर २० टक्के धरले तर ३०० रुपये जातात. अनेक मालकांना हा आकडा टोचतो, आणि टोचणं स्वाभाविक आहे. तरीही मी त्यांना साइट सोडा असं सांगणार नाही. धुळ्याच्या लॉजचं नाव बंगळुरूच्या माणसापर्यंत दुसरं कुणी पोचवत नाही. पहिला पाहुणा साइटवरून येऊ द्यावा. जाताना त्याच्या हातात आपला नंबर असलेलं कार्ड द्यावं, म्हणजे पुढच्या वेळी तो थेट फोन करतो.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं, आणि जानेवारी २०२० पासून नेहमीच्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला बँकेचं शुल्क लागत नाही. यामुळे यात्रेतल्या गोडीशेव विकणाऱ्यापर्यंत क्यूआरचा कागद पोचला. साध्या, बिनइंटरनेटच्या फोनवरूनही पैसे भरता येतात. त्यासाठी २०२२ मध्ये यूपीआय १२३पे ही सोय आली. पण यात्रेच्या दिवशी एका मैदानावर हजारो फोन एकाच मनोऱ्याला लटकलेले असतात आणि व्यवहार फिरत राहतात. अशा वेळी पाहुण्यांना आधीच सांगावं: रोख थोडी जवळ ठेवा. डिजिटल सेवेनं रोखीचा सल्ला देण्यात काही कमीपणा नाही.

रेंज नसताना

‘गाडी शे दादा, पन घाटमा रेंज नही.’ सेवा बनवणाऱ्यानं जीपवाल्याचं हे अहिराणी वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं. शहाद्याहून तोरणमाळला निघालं की सात पायरी घाटात वळणांवर वळणं लागतात. अक्राणी तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर नेटवर्कचा भरवसा नसतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहांकडून येणारे संकेत ऐकून स्वतःचं ठिकाण काढतो. त्यात मोबाइल कंपनीचा मनोरा असायलाच हवा असं नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. म्हणजे शहाद्याला असतानाच नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला, तर घाटात रेंज गेली तरी आपण कुठे आहोत तो निळा ठिपका चालत राहतो. संकेतस्थळही असंच बनवता येतं: एकदा उघडलं की मजकूर, फोन नंबर आणि नकाशाचा तुकडा फोनमध्ये साठून राहतो. पान हलकं ठेवणं त्यासाठी गरजेचं. मुखपृष्ठावर मोठा व्हिडिओ टाकला की शहराच्या कार्यालयात ते देखणं दिसतं आणि धडगावच्या बसथांब्यावर उघडतच नाही. बुकिंगची पावती चित्र म्हणून फोनच्या गॅलरीत उतरवून घेण्याचं बटण द्यावं. चालकाचा नंबर आणि मुक्कामाचं नाव असलेला एसएमएस प्रवास सुरू होण्याआधीच गेलेला असावा.

सार्वजनिक वाहनांचंही असंच. बसचे थांबे, फेऱ्या आणि वेळा ठरावीक तक्त्यांत मांडण्याची जीटीएफएस नावाची एक खुली पद्धत आहे. जगभरच्या नकाशा सेवा बसची माहिती त्यातून उचलतात. एखाद्या गावाची फेरी त्या तक्त्यात आलीच नाही, तर नकाशाच्या लेखी त्या गावाला बस नाही. सुरत-भुसावळ मार्गावरचं दोंडाईचा स्टेशन सारंगखेड्याला सोयीचं आहे, पण स्टेशनवर उतरल्यावर पुढची फेरी किती वाजता, हे बाहेरच्या माणसाला मोबाइलवर कळलं नाही तर तो घरातूनच गाडी काढतो, आणि यात्रेच्या रस्त्यावर आणखी एक गाडी वाढते.

कुणाच्या भाषेत?

पर्यटकासाठी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजराती, कारण सीमेपलीकडून येणारे खूप. हे सगळेच मान्य करतात. सेवा देणाऱ्याच्या भाषेचा विचार मात्र राहून जातो. २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खान्देशी गटातली मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून जास्त होते. सातपुड्यात पावरी, भिली, मावची बोलल्या जातात. यातली एकही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि भाषांतराची, आवाज ओळखण्याची बहुतेक सरकारी-खासगी साधनं अनुसूचीतल्या भाषांपासून सुरू होतात. म्हणजे पावरी बोलणाऱ्या वाटाड्यानं फोनला तोंडी सांगितलं की ‘आज धबधब्याची वाट निसरडी आहे’, तर फोनला ते नीट कळेलच याची खात्री नाही.

तोवर मार्ग साधा आहे. सूचना त्या भाषेत बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करायच्या, उत्तर आकडा दाबून घ्यायचं. फॉर्ममध्ये लिहिण्याच्या जागा कमी, चित्रं आणि ‘हो-नाही’ जास्त. गावातल्या बायका खापरावरची पुरणपोळी करून देतात, खोली देतात, पण लांबलचक इंग्रजी फॉर्म बघून मागे हटतात. तिथं सेवा अपुरी पडली असं मी समजतो.

काठीच्या होळीबद्दलही इथंच सांगायला हवं. पालनी, म्हणजे व्रताचे नियम, पाळून, अंग रंगवून सजलेले बावा-बुध्या नाचतात तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. तिथं जाण्याची माहिती देणाऱ्या पानावर फोटो कधी काढायचे, कुणाला विचारून काढायचे, गाडी कुठे लावायची हे गावानं ठरवलेलं आधी यायला हवं, आणि खोल्या-तंबूंची संख्या गावाला पेलेल तेवढीच दाखवायला हवी. गर्दीवर मर्यादा घालणं हेही सेवेचंच काम आहे.

आधारचा फोटो

लॉजवर पोचलं की ओळखपत्र मागतात, आणि बरेचदा मालक आपल्या खासगी फोनवर त्याचा फोटो काढून घेतो. तो फोटो त्या फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो, फोन दुरुस्तीला जातो, विकला जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा हाच आहे: कामापुरतीच माहिती घ्या, कशासाठी घेतली ते सांगा, काम झालं की पुसा. पाहुण्यानं आधारचे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्यावी. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढता येते. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती ठरलेल्या सरकारी फॉर्ममध्ये २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. अजिंठ्यासाठी जळगावात आणि तिथलं गांधीतीर्थ हे संग्रहालय बघायला येणाऱ्यांत परदेशी लोक असतात, त्यामुळे घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्यांनीही हा फॉर्म भरायला शिकून घ्यावं.

रोजचं काम कोण करणार

संकेतस्थळ बनवायला पैसे मिळतात, ते चालवायला मिळत नाहीत, हे आपल्याकडचं जुनं दुखणं. माझ्या हिशेबात पहिल्या वर्षाच्या खर्चातली निम्मी रक्कम माहिती ताजी ठेवणाऱ्या माणसांसाठी बाजूला काढायला हवी. ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र चालवणारी मुलं-मुली संगणक रोज हाताळतात. ठरलेल्या मानधनावर त्यांच्याकडे आपल्या गावाच्या नोंदी देता येतील. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची महाविद्यालयं जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आहेत. पर्यटन, संगणक किंवा भूगोल शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून एकेका तालुक्याच्या नोंदी प्रत्यक्ष जाऊन भरल्या, पायऱ्या मोजल्या, फोन लावून बघितले, तर थाळनेरच्या किल्ल्यापासून फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांपर्यंत सगळं एका वर्षात मांडून होईल. हा साठा खुला ठेवावा, म्हणजे लॉजवाला, जीपवाला, एखादी नवी कंपनी, कुणीही त्यावर आपली सेवा उभी करू शकेल आणि ठेकेदार बदलला तरी माहिती आपल्याकडेच राहील.

सुरुवात सारंगखेड्यापासून करता येईल, कारण तिथं मागणी आधीच आहे. दत्तजयंतीच्या तीन महिने आधी तारीख देवस्थानाकडून पक्की करून घ्यायची. परिसरातल्या खोल्या, तंबू, जीपगाड्या आणि जेवणाच्या जागा यांची यादी करायची आणि प्रत्येक नंबरवर एकदा फोन लावून बघायचा. न उचललेले नंबर बाजूला काढायचे. दोंडाईच्याला उतरणाऱ्यांसाठी बसच्या वेळा, वाहनतळाच्या खुणा, पाण्याच्या आणि स्वच्छतागृहांच्या जागा नकाशावर टाकायच्या. मग रोज सकाळी आठ वाजता एका माणसानं मैदानावर चक्कर मारून बदल नोंदवायचे आणि खाली आपलं नाव व वेळ लिहायची.